उत्तर कोरिया आणि ‘एका दुपारचा उपाय’

अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठी सकाळी फिरणाऱ्या नागपूरकरांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: इस्रायलने १९८१ मध्ये इराकची अणुभट्टी एका दुपारी उडवली आणि प्रश्न मिटला, उत्तर कोरियाशी मात्र जगाने तीस वर्षे नुसत्या चर्चा केल्या आणि त्यातून काहीही निष्पन्न झाले नाही, किम जोंग उन हा माथेफिरू असल्याने त्याच्याशी बोलण्यात अर्थच नाही, चीनने मनावर घेतले तर आठवड्याभरात तो शरण येईल, आणि भारताचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही.

संदेशामागची चीड मला समजते, आणि तिला आधारही आहे. उत्तर कोरिया डिसेंबर १९८५ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामील झाला, जानेवारी २००३ मध्ये त्याने त्यातून बाहेर पडल्याचे जाहीर केले आणि २००६ ते २०१७ या काळात सहा अणुचाचण्या केल्या. स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ या संस्थेच्या २०२४ मधील अंदाजानुसार त्याच्याकडे सुमारे ५० अण्वस्त्रे आहेत. एकाकी पडलेल्या, गरीब देशाने जगाच्या डोळ्यांदेखत हे साधले, हे अपयशच आहे. परंतु संदेशात या अपयशाचे जे कारण दिले आहे ते घटनाक्रमाशी जुळत नाही आणि जो उपाय सुचवला आहे तो घातक आहे.

आधी इराकचे उदाहरण पाहू, कारण बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ७ जून १९८१ रोजी बगदादजवळ इस्रायलने उडवलेली ओसिराक ही फ्रान्सच्या मदतीने बांधलेली भट्टी अद्याप कार्यान्वित झालेली नव्हती, ती जमिनीवर उघड उभी होती आणि इराककडे एकही अणुबॉम्ब नव्हता. तरीही प्रश्न मिटला नाहीच. सद्दाम हुसेनने त्यानंतर युरेनियम समृद्धीकरणाचा, म्हणजे युरेनियम बॉम्बला लागेल इतके कसदार करण्याचा, गुप्त कार्यक्रम वाढवला. त्याची खरी व्याप्ती १९९१ च्या आखाती युद्धानंतर आंतरराष्ट्रीय निरीक्षक देशात शिरले तेव्हाच उघड झाली आणि तो मोडून काढण्याचे काम त्या निरीक्षकांनी केले. सप्टेंबर २००७ मध्ये इस्रायलने सीरियातली भट्टी नष्ट केली, हे उदाहरण संदेशकर्त्याच्या दृष्टीने अधिक भक्कम ठरले असते. पण तीही सुरू झालेली नव्हती. आणि ती उत्तर कोरियाच्या मदतीने बांधली जात होती असे अमेरिकेचे म्हणणे आहे, म्हणजे हल्ल्याने गिऱ्हाईक गेले, विक्रेता शाबूतच राहिला. ताजे उदाहरण इराणचे आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथे बॉम्ब टाकले, आणि पुढच्याच महिन्यात इराणने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी असलेले सहकार्य स्थगित करणारा कायदा लागू केला. इमारती पडल्या, पण आत काय उरले आहे हे पाहणारे डोळेही मिटले.

उत्तर कोरियात तर बॉम्ब तयार होऊन साठवलेले आहेत. घन इंधनावर चालणारी त्याची ह्वासाँग-१८ ही क्षेपणास्त्रे ट्रकसारख्या फिरत्या वाहनांवरून डागली जातात, आणि त्याची युरेनियम समृद्धीकरणाची केंद्रे एकापेक्षा अधिक आहेत असे मानले जाते. पहिल्याच फेरीत हे सगळे सापडेल अशी हमी कोणताही सेनापती देणार नाही. शिवाय दक्षिण कोरियाची राजधानी सोल सीमेपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. म्हणजे नागपूरहून रामटेक जितके दूर, तितक्याच अंतरावर डोंगरांत उत्तर कोरियाच्या तोफा आहेत आणि सीमेच्या अलीकडच्या बाजूला, सोलच्या परिसरात, दक्षिण कोरियाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या राहते. क्लिंटन सरकारने १९९४ मध्ये योंगब्योनच्या अणुकेंद्रावर हल्ल्याचा पर्याय गांभीर्याने तपासला होता आणि याच कारणासाठी त्यावर अंमल केला नाही. त्या वेळी उत्तर कोरियाकडे फार तर एकदोन बॉम्बना पुरेल इतके प्लुटोनियम (अणुभट्टीत तयार होणारे बॉम्बचे साहित्य) असावे असा अंदाज होता. तेव्हा जे परवडणारे नव्हते, ते आज परवडेल असे मानायला संदेशकर्त्याने कोणताही आधार दिलेला नाही.

दुसरा दावा, चर्चेतून काहीच निष्पन्न झाले नाही हा, सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि तारखा समोर ठेवल्या की सर्वांत कच्चाही तोच ठरतो. जून १९९४ मध्ये माजी अध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिनिव्हा येथे अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यात करार झाला. त्यानुसार योंगब्योनची पाच मेगावॅटची भट्टी बंद झाली, वापरलेल्या इंधनाच्या सुमारे आठ हजार कांड्या सीलबंद झाल्या, ५० आणि २०० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्यांचे बांधकाम थांबले आणि निरीक्षक तिथे मुक्काम करून राहिले. मोबदल्यात वीजनिर्मितीसाठी दोन हलक्या पाण्याच्या (बॉम्बसाठी कमी सोयीच्या) भट्ट्या आणि त्या तयार होईपर्यंत दर वर्षी पाच लाख टन जड इंधन तेल द्यायचे ठरले होते. २००२ च्या अखेरपर्यंत, म्हणजे आठ वर्षे, योंगब्योनमध्ये नवे प्लुटोनियम तयार झाले नाही. त्या दोन मोठ्या भट्ट्या तर पुढे कधीच पूर्ण झाल्या नाहीत. त्या चालल्या असत्या तर आजचा साठा कितीतरी मोठा असता. ‘काहीही निष्पन्न झाले नाही’ या वाक्यात ही आठ वर्षे कुठे बसवायची?

उत्तर कोरियाने या काळात फसवणूक केली, हे खरे आहे. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्या तस्करीच्या जाळ्यातून सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे, मिळवून त्याने युरेनियमचा दुसरा मार्ग चोरून चालवला होता. पण अमेरिकेचेही हात स्वच्छ नव्हते: तेलाचा पुरवठा वारंवार रखडला आणि भट्ट्यांचे बांधकाम वर्षानुवर्षे मागे पडले. ऑक्टोबर २००२ मध्ये युरेनियमचा प्रश्न उघड्यावर आला तेव्हा दोन वाटा होत्या. प्लुटोनियमवरची बंदी टिकवून युरेनियमवर नवी वाटाघाट करता आली असती. बुश सरकारने तेल बंद करण्याची वाट धरली. डिसेंबरमध्ये निरीक्षकांना हाकलण्यात आले, भट्टी पुन्हा पेटली आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिली चाचणी झाली. माझ्या मते चार दशकांतली सर्वांत महागडी चूक हीच होती: एका चोरवाटेच्या रागात मुख्य दरवाजाचे कुलूप काढून टाकले गेले.

पुढेही हेच दिसते. दोन्ही कोरिया, अमेरिका, चीन, जपान आणि रशिया या सहा देशांच्या चर्चेनंतर २००७ मध्ये योंगब्योन पुन्हा बंद झाले आणि जून २००८ मध्ये तिथला शीतकरण मनोरा पाडण्यात आला. तपासणी कशी करायची यावर चर्चा फिसकटली, २००९ च्या एप्रिलमध्ये निरीक्षक दुसऱ्यांदा बाहेर पडले आणि मे महिन्यात दुसरी चाचणी झाली. २०१३ मध्ये एक, २०१६ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये एक, या बाकीच्या चारही चाचण्या चर्चा ठप्प असतानाच्या आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प आणि किम यांची सिंगापूरला भेट झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये हनोईत किम यांनी योंगब्योन मोडण्याच्या बदल्यात मुख्य निर्बंध उठवण्याची मागणी केली आणि ट्रम्प यांनी ती नाकारली. मागणी अवाजवी होती, यात शंका नाही. पण प्रतिप्रस्तावावर घासाघीस करण्याऐवजी दोघेही ठरलेले भोजन सोडून निघून गेले. या वर्षांतून दिसते ते एवढेच, की ‘आधी सर्व अण्वस्त्रे द्या, मग बोलू’ या अटीने आजवर एकही बॉम्ब कमी केलेला नाही. ‘इतके थांबवा, इतके मिळेल, आणि आम्ही पाहायला येऊ’ या भाषेने काही वर्षे तरी भट्टी बंद ठेवली.

माथेफिरूपणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. लिबियाच्या गद्दाफीने डिसेंबर २००३ मध्ये आपला अणुकार्यक्रम सोडला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये, नाटोच्या हवाई हल्ल्यांच्या आधाराने पुढे आलेल्या बंडखोरांच्या हाती तो मारला गेला. उत्तर कोरियाच्या परराष्ट्र खात्याने त्याच वर्षी याचा दाखला जाहीरपणे दिला होता. आपल्या जनतेला उपाशी ठेवून बॉम्ब बनवणारी राजवट क्रूर आहे. पण स्वतःचा जीव कशाने वाचतो याचा तिचा हिशेब चोख आहे, आणि असा हिशेब करणाऱ्याशीच सौदा होऊ शकतो.

चीनचा मुद्दा अर्धा खरा आहे. उत्तर कोरियाचा ९० टक्क्यांहून अधिक व्यापार चीनशी होतो आणि त्याला लागणारे कच्चे तेल चीनमधून नळाने जाते. पण चीन हातावर हात ठेवून बसला होता, हे खरे नाही. सुरक्षा परिषदेच्या २००६ ते २०१७ मधील निर्बंधांच्या बाजूने त्याने मतदान केले; कोळसा, लोखंड, मासळी आणि कापड यांच्या निर्यातीवर बंदी आणि शुद्ध केलेल्या तेलावर वर्षाला पाच लाख पिंपांची मर्यादा ही २०१७ मधील पावले त्याच्या संमतीनेच उचलली गेली. तो नळ पूर्ण बंद करत नाही याचे कारण म्हणजे राजवट कोसळली तर यालू नदी ओलांडून येणारे निर्वासितांचे लोंढे आणि सीमेवर अमेरिकी सैन्य, या दोन्ही गोष्टी चीनला किमच्या बॉम्बपेक्षा अधिक धोक्याच्या वाटतात. १९५० मध्ये याच भीतीपोटी चीन कोरियन युद्धात उतरला होता. त्यातच आता दुसरा आश्रयदाताही आला आहे. रशियाने जून २०२४ मध्ये उत्तर कोरियाशी परस्पर संरक्षणाचा करार केला आणि त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक युक्रेनविरुद्ध लढण्यासाठी कुर्स्कमध्ये पोहोचले. आठवड्याभरात शरणागतीची भाषा या घडामोडींची दखलच घेत नाही.

राहिला भारताचा ‘काडीचाही संबंध नाही’ हा दावा. १९५३ मध्ये कोरियातील युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि त्या कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात या मराठी अधिकाऱ्याने केले होते. तो इतिहास झाला म्हणून बाजूला ठेवू. पाकिस्तानने एप्रिल १९९८ मध्ये चाचणी केलेले घौरी क्षेपणास्त्र उत्तर कोरियाच्या नोडाँग या क्षेपणास्त्रावर बेतलेले आहे. जून १९९९ मध्ये, कारगिलचे युद्ध सुरू असताना, कांडला बंदरात सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ‘कू वोल सान’ हे उत्तर कोरियाचे जहाज अडवले, तेव्हा त्यात क्षेपणास्त्रांचे भाग सापडले. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. निर्बंधांवर देखरेख ठेवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ मंडळाने आपल्या अहवालात ही चोरी उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडली. निर्बंधांनी अडवलेले डॉलर तो देश कसे भरून काढतो, याची किंमत इथल्या सहकारी बँकेने मोजली आहे.

त्या तज्ज्ञ मंडळाची मुदत वाढवण्याच्या ठरावावर रशियाने मार्च २०२४ मध्ये नकाराधिकार वापरला आणि एप्रिलअखेर ते बंद पडले. त्याच्या जागी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिका, जपान, दक्षिण कोरियासह ११ देशांनी स्वतंत्र देखरेख गट उभा केला. भारत त्यात नाही. त्या गटात सामील व्हायचे की नाही, हा रशियाशी असलेल्या संबंधांमुळे दिल्लीसाठी अवघड प्रश्न आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण कांडल्याच्या बंदरात जे सापडले आणि कॉसमॉसच्या तपासात जे हाती लागले, ती माहिती अशा देखरेखीला पुरवण्यासाठी सदस्य असावेच लागते असे नाही. जहाजे आणि बँक व्यवहार यांच्यावरचे लक्ष, बॉम्बला लागणाऱ्या नव्या साहित्याच्या उत्पादनावर बंदीसाठी टप्प्याटप्प्याचा सौदा, आणि निरीक्षकांना पुन्हा योंगब्योनमध्ये प्रवेश, या तीन गोष्टींचा त्या लांबलचक संदेशात एकदाही उल्लेख नाही.