खुलासा: लेफ्टनंट मॅक्लेन मैवंदच्या रणांगणावर पडले नव्हते

दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात ब्रिटिश तोफखान्यातील लेफ्टनंट हेक्टर मॅक्लेन २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंद येथे आपल्या तोफांपाशी ठार झाले, असा मजकूर फिरत आहे. खेदाची बाब म्हणजे माझ्याच एका जुन्या टिपणातही हीच चूक होती. त्या दिवशी त्यांच्या दोन तोफा अफगाणांच्या हाती पडल्या हे खरे. परंतु स्वतः मॅक्लेन माघारीच्या वाटेवर, पाण्याच्या शोधात असताना पकडले गेले आणि महिनाभर अफगाण सैन्याचा प्रमुख अयूब खान याच्या कैदेत होते. १ सप्टेंबरला ब्रिटिशांनी कंदाहारची लढाई जिंकल्यावर, त्या दोन्ही तोफा परत मिळाल्या त्याच दिवशी, खानाच्या तंबूजवळ गळा चिरलेल्या अवस्थेत त्यांचा मृतदेह सापडला, असे तेथील ब्रिटिश सेनापती रॉबर्ट्स यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये.