भाड्याचे घर, मांजर आणि आमचे सागवानी दार

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावातील घराच्या मागच्या दोन खोल्या एका शिक्षक दांपत्याला भाड्याने दिलेल्या आहेत. त्यांनी स्वयंपाकघर आणि निजायची खोली यांच्यामधल्या दाराची खालची फळी कापून मांजरीला ये-जा करायला वाट केली, आणि तेव्हापासून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दुसरा विषय नाही. नागपूरच्या चुलत बहिणीच्या मते मुक्या जिवासाठी एक फळी गेली तर एवढा गहजब करण्याचे कारण नाही. काकाजींनी मात्र मुळावरच घाव घातला: भाड्याने राहणाऱ्याला मांजर पाळायचीच कशाला? मला चीड आली ती या वाक्याची.

मी जर्मनीत लाइप्झिगमध्ये भाड्याच्याच घरात राहतो आणि माझ्याकडेही मांजर आहे. इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 मध्येच सांगून टाकले की, छापील भाडेकरारात कुत्री-मांजरी पाळण्यावर सरसकट बंदी घालणारे कलम टिकत नाही. दोन्ही बाजूंची गरज प्रत्येक वेळी तोलून पाहावी लागते. मात्र दाराला भोक पाडायचे तर मालकाची परवानगी हवी आणि घर सोडताना दार पूर्ववत करून द्यायला हवे, नाहीतर काउत्सिओनमधून, म्हणजे अनामत रकमेतून, पैसे कापले जातात. म्हणून मी मूळ दार बिजागऱ्यांवरून वर उचलून काढले, जुन्या रजईत गुंडाळून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, उभे केले आणि बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, त्याच मापाचे स्वस्त दार आणून मांजरीची झडप त्यात बसवली. अशा दाराच्या आत पुठ्ठ्याच्या जाळीशिवाय काही नसते, त्यामुळे कापलेल्या कडांना आतून लाकडी पट्ट्या लावाव्या लागल्या, एवढाच काय तो खटाटोप. मांजरीलाही वाट मिळाली आणि मालकाचे दारही शाबूत राहिले.

हे गटावर लिहिले तेव्हा काकाजींचे उत्तर आले, "तुह्या जर्मनीत चालत असन, इथं नाही चालत." वास्तविक कायद्याने पाहिले तर तिथेही फार वेगळे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चे कलम 108 भाडेकरूला हेच सांगते की, वापराने होणारी झीज सोडली तर जागा घेतली तशीच चांगल्या स्थितीत ठेवायची आणि परत करायची. फळी कापणे झिजेत बसत नाही, म्हणून गुरुजींचे चुकले याबद्दल मला शंका नाही. पण मांजर पाळणे हा त्यांचा अपराध कसा ठरतो? ज्या गावात कोठीत तूर आणि गहू भरला की शेजारची मांजर मागून आणत, जिथे भाव वाढण्याची वाट पाहत खोलीभर साठवलेल्या कापसात मांजरी दरवर्षी वीत आणि आजी त्या खोलीत कोणाला फिरकू देत नसे, त्या गावाने हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटते. तेव्हा कवेलूंच्या फटींतून मांजरी हव्या तिथे उतरत. आता वर स्लॅब आहे, तेव्हा वाट दारातूनच द्यावी लागणार.

गुरुजींचा दुसरा मुद्दा तर कोणी ऐकूनच घेतला नाही. मे महिन्यात रात्रभर कूलर चालतो, आणि आतली दमट हवा बाहेर जायला जागा नसेल तर तो गारवा न देता नुसता चिकचिकाट करतो. त्या फटीतून मांजर जाते तशी हवाही जाते.

इथे जर्मनीत घर शोधताना काय झाले ते मात्र मी गटाला सांगितले नाही. अर्जात मांजरीचा उल्लेख केला की बऱ्याच मालकांची उत्तरे येणे थांबे. मांजरीचा उल्लेख नसतानाही काहींची येत नसत, आणि तेव्हा त्यांनी फक्त आडनाव वाचलेले असे. कायदा घरात शिरल्यावर कामाला येतो, दाराबाहेर उभे असताना नाही. इतकी वर्षे दुसऱ्याचे दार जपून वापरणाऱ्या माणसाला गावच्या त्या दाराबद्दल एवढा जिव्हाळा का वाटावा, याचेही उत्तर त्यातच असावे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, भावाबरोबर माझे नाव आहे, आणि माझे म्हणता येईल असे सागवान जगात तेवढेच आहे. फोटोत करवतीने वेडेवाकडे कापलेल्या कडा आणि त्यांवर टाचलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी पाहिली तेव्हा मलाही काकाजींसारखाच राग आला होता.

दार उचलून ठेवण्याची माझी युक्ती तिथे चालणार नाही, हे धाकट्या भावाने लगेच दाखवून दिले: त्या दाराला बिजागऱ्या नाहीत, लाकडाच्याच खुंट्या चौकटीत वर-खाली बसवलेल्या आहेत आणि चौकट सैल केल्याशिवाय दार निघत नाही. मग मी सुचवले की, त्याच चौकटीला दुसऱ्या अंगाने जाळीचे हलके दार लावावे, त्याच्या तळाशी मांजरीपुरती जागा ठेवावी आणि सागवानी दार भिंतीला टेकवून उघडे राहू द्यावे. जाळीतून कूलरची हवाही मोकळी होईल. जाळीच्या दाराचा खर्च मी देतो, कापलेल्या फळीचा गुरुजींनी द्यावा, आणि हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. काकाजींनी यावर एवढेच विचारले, की सुताराजवळ दिवसभर उभे राहायला जर्मनीहून कोण येणार आहे. धाकट्याने रविवार मोकळा असल्याचे कळवले आहे.