सातपुड्यातल्या वनपट्ट्यांवर उन्हाचं खापर

उन्हाळा लागला की खान्देशातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो: "वनपट्टे वाटले म्हणून सातपुडा बोडका झाला आणि म्हणून जळगाव-भुसावळ तापतंय. आदिवासींना खाली आणा, जंगल वनखात्याकडे सोपवा, हवामान सुधारेल." पुढे पाठवणारे शिकलेसवरलेले लोक आहेत, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

मुळात पट्टे, म्हणजे वनजमिनीवरच्या हक्काचे कागद, 'वाटले' जातच नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्यात नवी जमीन द्यायची तरतूद नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी जमीन आदिवासी प्रत्यक्ष कसत होते, तिच्यावरचा हक्क तेवढा मान्य होतो, तोही जास्तीत जास्त ४ हेक्टर. ती विकता येत नाही. त्या तारखेनंतर कुणी जंगल तोडून शेत केलं असेल, तर हा कायदा त्याच्या बाजूने उभा राहत नाही.

सातपुडा अनेक ठिकाणी बोडका झालाय, हे डोळ्यांना दिसतं. पण त्याचं खापर एकट्या आदिवासींवर फोडता येत नाही. इंग्रजांनी जंगल राखीव केलं ते लाकडासाठी. पुढे सरदार सरोवर धरणात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावं बुडाली, त्यांच्यासोबत नर्मदाकाठचं जंगलही गेलं. ते पाड्यांनी नव्हे, सरकारने बुडवलं.

मजकुरासोबत वणव्याचा फोटो असतो, आदिवासीच जंगल पेटवतात असं सुचवणारा. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे वाळक्या पाचोळ्यात गळतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखाली पाला पेटवतात आणि कधी कधी आग हाताबाहेर जाते. पाला झाडून काढला, झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली, तर काडी लावायची गरजच उरत नाही. पण शेकडो हेक्टरांच्या बीटवरचा, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीतला, एकटा वनरक्षक प्रत्येक मोहाखाली कसा उभा राहणार? हा नियम गावानेच करायचा आणि पाळायचा. याच कायद्यातला सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा जंगलावरचा हक्क, ग्रामसभेला नेमका तोच अधिकार देतो.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलं, विहिरींना पाणी आलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं जंगल वाचवायला कुणाला खाली आणावं लागलं नाही.

वनहक्क मागणाऱ्या आमच्या बाजूनेही एक आकडा फिरतो: जगातली ८० टक्के जैवविविधता आदिवासी राखतात. त्याला आधार नाही, हे २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, आणि त्यांत आदिवासी संशोधकही होते. तो वापरू नका. बारीपाड्याला उसन्या आकड्याची गरज नाही.

राहिलं ऊन. झाडं गेली की आसपास तापतं, हे खरं. पण पृथ्वी तापतेय ती मुख्यतः कोळसा, तेल आणि गॅस जाळल्याने, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू जगभर मिसळतो. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाची वीज आपल्या पंख्यांना लागते. सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्याचा त्यात वाटा नगण्य आहे, पाऊस लांबला की फटका मात्र त्यालाच आधी बसतो.

भारताने २०३० पर्यंत झाडांमध्ये २५० ते ३०० कोटी टन जादा कार्बन डायऑक्साइड साठवायचं जगाला सांगितलंय. त्यासाठी रोपं लावायला जागा शोधताना नजर याच डोंगरांवर येणार. तिथे खड्डे खणण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या, कोणती झाडं लावायची ते तिला ठरवू द्या आणि राखणीचा पैसा तिच्या खात्यात जमा करा.