बीपी वर येत नसेल तर आधी स्टिरॉइडचं विचारा

दोन लिटर सलाईन गेलं, नॉरॲड्रेनालिन (बीपी चढवणारं औषध) वाढवत नेलं, तरी बीपी ८०च्या वर टिकत नाही. फाईलवर ‘सेप्सिस’ (जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग) लिहिलंय आणि चर्चा फक्त अँटिबायोटिक बदलायची. अशा रुग्णात ॲड्रिनल क्रायसिसचा, म्हणजे किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचं कोर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) जीवघेणं कमी पडण्याचा, विचार पहिल्या तासातच व्हायला हवा, तिसऱ्या दिवशी नाही.

रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चार आठवडे किंवा त्याहून जास्त घेतलं तरी ॲड्रिनल ग्रंथी मंदावू शकतात. मग गोळ्या एकदम थांबल्या किंवा अंगात जंतुसंसर्ग शिरला, की लागेल तेवढं कोर्टिसोल शरीराला तयारच करता येत नाही. ‘स्टिरॉइड घेता का?’ असं विचारलं तर घरचे प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती सांधेदुखीची किंवा दम्याची गोळी असते. म्हणून सगळी औषधं पाकिटांसकट मागवा. सांध्यात घेतलेली इंजेक्शनं, मोठ्या डोसचे इन्हेलर, महिनोन्महिने लावलेली मलमं, हेही मुद्दाम विचारा.

उलट्या, पोटदुखी, गुंगी. या तक्रारींमुळे रुग्ण कित्येकदा सर्जनकडे जातो. सोडियम कमी असतं, शुगरही उतरलेली असू शकते. पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून निदान बाद करणं मात्र घातक आहे. ते वाढतं ते ग्रंथीच बिघडलेली असेल तेव्हा. स्टिरॉइड थांबल्यामुळे त्रास झाला असेल तर अल्डोस्टेरॉन (पोटॅशियम आटोक्यात ठेवणारं ॲड्रिनलचं संप्रेरक) शाबूत असतं, आणि पोटॅशियमही.

संशय आला की कोर्टिसोल आणि एसीटीएचसाठी (ॲड्रिनलला कोर्टिसोल बनवायला लावणारं संप्रेरक) रक्त काढा आणि लगेच हायड्रोकोर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्या. शीर सापडत नसेल तर स्नायूत द्या. रिपोर्टची वाट बघू नका. रक्त काढायला वेळ लागत असेल तर तेही राहू द्या. निदान चुकीचं निघालं तरी या एका डोसने सहसा काही बिघडत नाही. तो न दिल्याने जीव जाऊ शकतो. पुढे २४ तासांत २०० मिलिग्रॅम, ड्रिपने किंवा दर सहा तासांनी ५०. पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाईन (हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर जपून), शुगर कमी असेल तर डेक्स्ट्रोजही.

इथे एक धोका हमखास विसरला जातो. कोर्टिसोल मिळताच किडनी साठलेलं पाणी भराभर सोडते आणि सोडियम उसळी घेतं. २४ तासांत ते ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून दर चार-सहा तासांनी तपासा. थायरॉईडही कमी निघालं तर थायरॉक्सिनची घाई नको. आधी स्टिरॉइड, कारण थायरॉक्सिन उरलंसुरलं कोर्टिसोलही लवकर संपवतं.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे वॉर्डातच घडवलेला क्रायसिस. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं म्हणून रोजची स्टिरॉइडची गोळीही बंद! तोंडाने काही द्यायचं नसेल तर तोच आधार इंजेक्शनने द्यावा लागतो, आणि मोठ्या ऑपरेशनला रोजच्यापेक्षा जास्त. ‘स्टिरॉइड चुकवू नये’ हे औषधांच्या तक्त्यावर लाल शाईने लिहा. उलटी झाली, गोळी बाहेर पडली, तर सिस्टरनी त्याच पाळीत डॉक्टरांना कळवावं, सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नये.