काखेत कळसा, लंडनला वळसा

आफ्रिकेतल्या इंटरनेटचा विषय निघाला की बातमी होते समुद्राखालच्या केबलची. ४५,००० किलोमीटरची टूआफ्रिका, गूगलची इक्वियानो, किंवा २००९ साली पूर्व आफ्रिकेला आपल्या मुंबईशी जोडणारी सीकॉम. केबल हव्यातच. पण श्रीमंत देश आणि आफ्रिका यांच्यातली दरी कमी करणारं सगळ्यात स्वस्त काम एका खोलीत होतं, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. त्या खोलीचं नाव इंटरनेट एक्स्चेंज: वेगवेगळ्या इंटरनेट कंपन्या आपली नेटवर्क एकमेकींना थेट जोडतात ती जागा.

नैरोबीत २००० सालापर्यंत काय व्हायचं बघा. रस्त्याच्या अल्याड-पल्याड दोन ऑफिसं, पण दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या. त्या कंपन्या शहरात एकमेकींना कुठे भेटतच नव्हत्या. म्हणून ईमेल उपग्रहावरून परदेशात जाई आणि तिथून पुन्हा उपग्रहानेच समोरच्या इमारतीत उतरे. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच, एका उडीला पाव सेकंद. जाताना दोन उड्या, उत्तर येताना दोन. नुसत्या प्रवासात एक सेकंद गेला, आणि दोन्ही कंपन्यांनी त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजले!

त्या वर्षअखेरीस स्थानिक कंपन्यांनी मिळून केआयएक्सपी हे एक्स्चेंज सुरू केलं. मक्तेदार दूरसंचार कंपनीने तक्रार केली, नियामकाने ते बंद पाडलं. फेब्रुवारी २००२ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. आज केनियात देशातल्या देशातली देवाणघेवाण २ ते १० मिलिसेकंदांत होते.

लागतं काय? कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली जागा. सगळ्यांच्या तारा एकत्र जोडणारा २४ पोर्टचा एक चांगला इथरनेट स्विच आणि एक जादा, बदलीसाठी. दोन साधे सर्व्हर, त्यांवर सदस्यांचे मार्ग एकमेकांना कळवणारं बर्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. यूपीएस, जनरेटर, एसी. प्रत्येक सदस्याने आफ्रिनिक या आफ्रिकेत इंटरनेटचे पत्ते आणि नंबर वाटणाऱ्या संस्थेकडून स्वतःचा एएस नंबर, म्हणजे आपल्या नेटवर्कचा ओळख क्रमांक, घ्यायचा, खोलीपर्यंत फायबर आणायची आणि बीजीपी सेशन जोडायचं, म्हणजे आपल्यामार्फत कुठले पत्ते गाठता येतात (त्यांना रूट म्हणतात) ते इतरांना कळवायचं. तीन नेटवर्क आली तरी सुरुवात होते.

यंत्रं क्वचितच दगा देतात, अडतं ते माणसांपाशी. सर्वात मोठी कंपनी येतच नाही, कारण लहानांनी तिच्याकडून लिंक विकत घ्यावी हेच तिला सोयीचं असतं. किंवा खोली तिच्याच इमारतीत असते आणि बाकीच्यांची फायबर दारातच अडवली जाते. म्हणून कुणालाही खोलीपर्यंत फायबर टाकता येईल ही अट नियामकाने परवान्यातच घालावी. तांत्रिक चूक एकच नेहमीची: एखादा सदस्य चुकून अख्ख्या इंटरनेटचे रूट जाहीर करतो आणि सगळ्यांची रहदारी त्याच्या बारीक लिंकमध्ये तुंबते. फिल्टर आणि रूटच्या संख्येची मर्यादा पहिल्या दिवसापासून लावायची.

आणि एवढं करूनही वर्तमानपत्राची साइट आणि विद्यापीठाचे निकाल युरोपातल्या सर्व्हरवर असतील, तर स्विचवर देवाणघेवाण कशाची करणार? केनिया आणि नायजेरियात स्थानिक रहदारीचं प्रमाण २०१२ मध्ये सुमारे ३० टक्के होतं, २०२० पर्यंत ते ७० टक्क्यांवर गेलं. त्यात मोठा हात होता मोठ्या कंपन्यांनी देशातच बसवलेल्या कॅश सर्व्हरचा, म्हणजे लोकप्रिय मजकुराची प्रत जवळ ठेवणाऱ्या सर्व्हरचा.

१४ मार्च २०२४ ला आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानजवळ समुद्राखालच्या वॅक्स, एस, मेनवन आणि सॅट-३ या चार केबल एकदम तुटल्या. अशा दिवशी देशात होस्ट केलेली सेवा तग धरू शकते. पण तिचं डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यादी, परदेशात असेल, तर सर्व्हर शेजारच्या गल्लीत असूनही सापडत नाही. डीएनएसची एक प्रत एक्स्चेंजवर ठेवायला फारसा खर्च येत नाही.

एक्स्चेंजने सगळं सुटत नाही, हेही खरं. २०२४ मधल्या अंदाजानुसार आफ्रिकेत ३८ टक्के लोक इंटरनेट वापरत होते, जगात ६८. सहाराच्या दक्षिणेकडे बहुतेकांच्या गावात मोबाइल इंटरनेटची रेंज पोचली आहे, तरी त्यातले बरेच जण इंटरनेटच्या बाहेर आहेत, कारण फोन महाग, डेटा महाग आणि चार्जिंगला वीज नाही. तिथे सरकारांनी निदान भर तरी घालू नये. युगांडाने २०१८ मध्ये सोशल मीडियावर दिवसाला २०० शिलिंग कर बसवला, आणि २०२१ मध्ये तो काढला तेव्हा त्याच्या जागी इंटरनेट डेटावर १२ टक्के लावले.