टीपीएसचा तक्ता पुरे झाला!

ब्लॉकचेनची तुलना म्हटली की पुन्हा तोच तक्ता! एका रकान्यात इथेरियम, दुसऱ्यात सोलाना आणि खाली टीपीएस, म्हणजे 'सेकंदाला किती व्यवहार'. झाली म्हणे तुलना! अरे, सोलानाच्या त्या फुगलेल्या आकड्यात व्हॅलिडेटरांची, म्हणजे ब्लॉक तपासणाऱ्या संगणकांची, मतंही व्यवहार म्हणूनच धरलेली असतात. ती वजा केलीत का? इथेरियमवर ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, 12 सेकंदांनी येतो, पण पक्का व्हायला दोन इपॉक, म्हणजे जवळजवळ 13 मिनिटं लागतात. हे कोण लिहिणार? ऑप्टिमिस्टिक रोलअप, म्हणजे व्यवहार बाहेर उरकून नोंद इथेरियमवर टाकणारी साखळी, स्वस्त, मान्य. पण अधिकृत ब्रिजवरून पैसे मूळ साखळीवर परत आणायला 7 दिवस, ते सोयीस्करपणे गाळलं.

आणि 'इथेरियमचा कोड उचलून सोलानावर टाका' म्हणणारे तर धन्यच! इथेरियमच्या सॉलिडिटी भाषेत मॅपिंग (कोणाचे किती याची यादी) लिहिलं की शिल्लक कॉन्ट्रॅक्टच्याच, म्हणजे साखळीवरच्या प्रोग्रॅमच्याच, पोटात. सोलानावर प्रोग्रॅम वेगळा, डेटाची खाती वेगळी. 165 बाइटच्या एका टोकन खात्यामागे सुमारे 0.002 सोल (सोलानाचं चलन) अडकतात. हजार वापरकर्त्यांची खाती तुम्हीच उघडून दिलीत, तर 2 सोल गेले. शिवाय कुठली खाती वाचणार, कुठल्यात लिहिणार हे प्रत्येक व्यवहारात आधीच सांगायचं आणि तो सगळा व्यवहार 1,232 बाइटांत कोंबायचा. त्यात पूर्ण लिहिलेला प्रत्येक पत्ता 32 बाइट, प्रत्येक सही 64. घ्या, टाका उचलून!