वाडा पाडायचाय? या, बसा

जुन्या नाशकात तुमचा वडिलोपार्जित वाडा असेल तर आधी अभिनंदन, आणि मग हे वाचाच. मी नुकताच यातून पार पडलोय त्यामुळे आता मला सगळं कळतं.

पहिलं म्हणजे कौलं चाळून घेऊ नका, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून परत नीट बसवून घेऊ नका. पाणी मुरू द्या, तुळईचं टोक एकदा कुजलं की पुढची कामं आपोआप होतात.

भिंतीला ओल आली? सिमेंटचा गिलावा मारा. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर निघून जाते हो, सिमेंटमधून ती निघत नाही, आतच कोंडते, मग माती-विटांची भिंत आतून भुसभुशीत होते आणि त्यात गाडलेला सागवान कुजायला लागतो. आमच्या काकांनी 'एकदाच काय ते मजबूत करून टाकू' म्हणून चौकाच्या चारी बाजूंनी मारला, तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. मग एक इंजिनिअर आले, दिंडी दरवाजातूनच मोबाईलवर चार फोटो काढले, माजघरात पायसुद्धा न टाकता 'धोकादायक' लिहून मोकळे.

मलबा रात्री टेम्पोत भरून नदीकाठी टाका.

दुरुस्त करून वापरायचा विचार तर चुकूनही नको. मी केला. २०२७ चा कुंभमेळा येतोच आहे, खाली भाविकांसाठी चार खोल्या, वर पोरांसाठी अभ्यासिका, असं डोक्यात होतं. महापालिकेच्या ऑफिसात गेलो. साहेब म्हणाले, "नवीन बांधकाम की पाडकाम?" म्हटलं दोन्ही नाही, आहे तोच वाडा नीट करून वापरायचाय. "मग पाडा ना, सोपं पडेल." विषय संपला. पॅरिसवाले येडेच म्हणायचे, १९०० सालच्या रेल्वे स्टेशनचं १९८६ मध्ये ओर्से म्युझियम करून बसले. लंडनवाल्यांनी बंद वीजकेंद्रात २००० साली टेट मॉडर्न उघडलं आणि चिमणी तशीच ठेवली, काय म्हणावं! आपल्याकडे असतं तर किती टू बीएचके निघाले असते. आपण गोदाकाठचा पेशवेकालीन सरकारवाडा तेवढा ठेवलाय, पूर आला की पाणी पायऱ्यांना लागलं का ते बघायला.

सागवान मात्र नीट विका. घनफुटाच्या भावाने.

का ते सांगतो. परवा रविवारी गंगापूर रोडकडच्या एका कॅफेत गेलो तर समोर आमच्या ओसरीचा खांब. आमचाच. दूध आलं नाही त्या दिवशी आजी अडकित्त्याच्या टोकाने खांबावर आडवी रेघ मारायची, महिनाअखेरीला दूधवाल्याशी भांडायला, त्या रेघा तशाच, वरून चकचकीत पॉलिश. बाजूला पाटी 'वाडा कॉर्नर'. एक मुलगी टेकून सेल्फी काढत होती. कॉफी २४० रुपये. दिले मी.

अरे लाज कशी वाटत नाही आपल्याला? उभं घर विकायचं, आणि मग त्याचाच तुकडा बघायला पैसे मोजायचे? ऑफिसवाल्यांना काय शिव्या घालता! बिल्डर जास्तीचा एक फ्लॅट देतो म्हणाला तेव्हा अकराच्या अकरा वारस एका दिवसात सहीला हजर, पुण्याचे, ठाण्याचे, सगळे. कौलं चाळायला काकांनी माणशी दोन हजार मागितले होते तेव्हा एकानेही फोन उचलला नव्हता.

मीही नव्हता उचलला.